एका तराजूचं खंडन

किडनी प्रत्यारोपणानंतरच्या औषधांविषयी काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत तराजू आल्याशिवाय राहत नाही. एका पारड्यात रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, आणि दुसऱ्या पारड्यात जंतुसंसर्ग. शरीराचा प्रतिकार दाबणारी औषधं वाढवली की रिजेक्शनची भीती कमी होते पण संसर्गाची वाढते, कमी केली की उलट. मग डॉक्टरांचं काम काय, तर काटा मध्यावर ठेवायचा. माहितीपत्रकांत हेच छापलेलं असतं, आरोग्य पुरवण्यांत हेच येतं आणि नातेवाइकांना समजावताना डॉक्टर दोन तळहात वरखाली करतात तेव्हाही हाच तराजू हवेत दिसतो. इतका सर्वमान्य दृष्टान्त खोडायला निघणं आगाऊपणाचं वाटेल. तरीही माझं म्हणणं असं, की हा दृष्टान्त अपुरा आहे, काही ठिकाणी चक्क उलटा आहे, आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड रुग्णाला पडतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. इतिहास त्याच्याच बाजूने बोलतो. २३ डिसेंबर १९५४ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून प्रतिकार दाबायची गरजच पडली नाही. जुळं भावंड नसलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी आधी सगळ्या शरीरावर क्ष-किरणांचा मारा करून पाहिला. किडनी काही काळ चालायची, पण माणूस संसर्गाने जायचा. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला अझाथायोप्रिन आलं, डेन्व्हरला टॉमस स्टार्झल यांनी त्याला स्टिरॉइडची जोड दिली आणि शस्त्रक्रियेला पहिल्यांदा भवितव्य मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली प्रयत्न झाला, तो रुग्ण वाचला नाही. पहिलं यश १९७१ साली वेल्लोरला मिळालं. नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन रॉय काल्न यांनी १९७८मध्ये केंब्रिजला रुग्णांना दिलं आणि त्यानंतर चित्र पालटलं. या सगळ्या वाटचालीत औषध जास्त झाल्याने दगावलेले आणि कमी पडल्याने किडनी गमावलेले, दोन्ही प्रकारचे रुग्ण भरपूर आहेत. आजही गंभीर न्यूमोनिया झाला की मायकोफेनोलेट हे प्रतिकार दाबणारं औषध थांबवतात, आणि तीव्र रिजेक्शनसाठी जोरदार इंजेक्शनं दिली की पुढचे काही महिने संसर्गावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

हे सगळं मान्य. टोकांवर तराजू खरं वजन सांगतो. पण रुग्ण टोकांवर फार थोडे दिवस असतो. उरलेली दहा, पंधरा, वीस वर्षं तो मधल्या पट्ट्यात काढतो, आणि माझा वाद त्या पट्ट्याविषयी आहे.

तराजू खरा असेल तर एक गोष्ट कधीच घडता कामा नये: संसर्ग आणि किडनीचं नुकसान ही दोन्ही एकाच पारड्यात येता कामा नयेत. पण ती येतात. बीके नावाचा एक विषाणू आहे. लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका सुदानी रुग्णाच्या नावाची ही आद्याक्षरं, आणि १९७१ साली तो प्रथम नोंदवला गेला. बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच शिरतो आणि मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. पंचवीस वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यावर टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधांची जोरकस जोडी वापरात आली, आणि हा विषाणू बसवलेली किडनीच पोखरू लागला. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन हळूहळू चढतं. बायोप्सीत दाह दिसतो, तोही रिजेक्शनसारखाच. तराजूवर विश्वास ठेवणारा म्हणेल, किडनी बिघडतेय म्हणजे औषध कमी पडतंय, वाढवा. वाढवलं की विषाणूला रान मोकळं. त्यावर खात्रीचं विषाणूविरोधी औषध नाही, उपाय एकच: प्रतिकार दाबणारी औषधं कमी करणं. म्हणजे इथे किडनी वाचते ती औषध उतरवल्याने. आता हा बीके कुठल्या पारड्यात ठेवायचा?

सीएमव्हीची गोष्ट याहून बोलकी आहे. हा विषाणू बहुतेक भारतीय प्रौढांच्या शरीरात असतोच. तो जागा झाला की ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं हे तर होतंच, पण त्याच्याशी लढताना चेतवली गेलेली प्रतिकारयंत्रणा परक्या किडनीवरही उठते. म्हणजे संसर्गच रिजेक्शनला आवतण देतो. हा नुसता तर्क नाही. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या शरीरात हा विषाणू नव्हता पण ज्यांना विषाणू असलेल्या दात्याची किडनी मिळाली, अशा रुग्णांना व्हॅलासायक्लोविर दिलं. हे औषध नागिणीवर देतात त्या जातीचं, प्रतिकार दाबण्याशी त्याचा काही संबंध नाही. सहा महिन्यांत रिजेक्शनचं प्रमाण औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या गटात ५२ टक्के होतं, व्हॅलासायक्लोविर घेणाऱ्यांत २६ टक्के. प्रतिकार तसूभरही जास्त दाबला नाही, संसर्ग आवरला, आणि रिजेक्शन निम्म्यावर आलं. एका पारड्यातलं वजन काढल्यावर दुसरंही हलकं झालं, तर त्या यंत्राला तराजू म्हणत नाहीत.

यावर जाणकार पूर्वपक्षी सावरून घेतो. तो म्हणतो, अपवाद असतील, पण एकूण दाब किती यावरच शेवटी सगळं ठरतं. तेव्हा ‘एकूण दाब’ म्हणजे काय ते पाहू.

२००७ साली सिम्फनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १,६४५ रुग्ण, चार गट. त्यांतल्या एका गटाला सायक्लोस्पोरिन नेहमीच्या डोसात, दुसऱ्या एका गटाला टॅक्रोलिमस मुद्दाम कमी डोसात. पूर्वपक्षाच्या हिशेबाने कमी डोसवाल्यांत रिजेक्शन जास्त व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात बायोप्सीने सिद्ध झालेलं रिजेक्शन नेहमीच्या डोसाच्या सायक्लोस्पोरिन गटात साधारण २६ टक्के आणि कमी टॅक्रोलिमसच्या गटात साधारण १२ टक्के निघालं. किडनीचं कामही याच गटात सगळ्यांत चांगलं राहिलं. आक्षेप येईल की टॅक्रोलिमस मुळातच जास्त ताकदीचं, शिवाय त्या गटाला सुरुवातीला एक वेगळं इंजेक्शनही दिलं होतं. बरोबर आहे. पण असं म्हणताना प्रतिपक्षी ‘किती’ हा प्रश्न सोडून ‘कोणतं’ आणि ‘कशाबरोबर’ या प्रश्नांवर आला, आणि माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

त्याच वाटेवर पुढे २०१८ साली ट्रान्सफॉर्म चाचणी. २,०३७ रुग्ण. अर्ध्यांना रूढ पद्धतीने टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन आणि मायकोफेनोलेट, अर्ध्यांना त्यांचाच कमी डोस आणि मायकोफेनोलेटच्या जागी एव्हरोलिमस. किडनी सांभाळण्यात दोन्ही पद्धती तोडीस तोड ठरल्या. सीएमव्हीचा संसर्ग मात्र रूढ गटात साधारण १३ टक्के, एव्हरोलिमसच्या गटात ४ टक्क्यांच्या आसपास, बीकेही कमी. एव्हरोलिमसचे स्वतःचे उपद्व्याप आहेतच. जखम उशिरा भरते, पाय सुजतात, तोंड येतं. म्हणून ते सगळ्यांना देत नाहीत. पण संरक्षण तेवढंच आणि सीएमव्हीचा त्रास एक तृतीयांशाहूनही कमी, हे तराजूच्या भाषेत मांडताच येत नाही. बेलाटासेप्ट हे औषध तर आणखी पुढचं. ते घेणाऱ्या गटात सुरुवातीचं रिजेक्शन सायक्लोस्पोरिनपेक्षा जास्त झालं, आणि तरी सात वर्षांनी मृत्यू किंवा किडनी गमावणं या दोन्हींचा एकत्रित धोका कमी भरला. पण ज्याच्या शरीरात एप्स्टाइन-बार विषाणू पूर्वी कधी आलेला नाही, अशा रुग्णाला हे औषध द्यायचं नाही, कारण त्याला लिम्फोमाचा धोका मोठा. धोका असा नेमका असतो: अमुक औषध, अमुक जंतू, अमुक माणूस. ‘इम्युनिटी’ नावाची शरीरात एकच टाकी भरलेली असते आणि औषधं तिची तोटी उघडतात-बंद करतात, ही कल्पना जाहिरातींना शोभेल, औषधशास्त्राला नाही. टॅक्रोलिमस मुख्यतः टी-पेशींना आवरतं. पू करणाऱ्या जिवाणूंशी पहिली झुंज देणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना ते फारसं शिवत नाही. म्हणूनच प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या महिन्यातला संसर्ग बहुधा जखमेतून, लघवीच्या नळीतून, स्टेंटमधून येतो, जसा तो कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर येतो. संधिसाधू जंतूंचा काळ साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यातला. पहिल्या महिन्यातल्या तापाला ‘औषध जास्त झालं’ म्हणणं हे बहुतेक वेळा नुसतं कारण चुकवणं असतं.

आता तराजूचा काटा. रुग्णांच्या तोंडी ‘माझी टॅक्रो लेव्हल सात आली’ हे वाक्य क्रिएटिनिनइतकंच रुळलंय. पण ही पातळी मोजते काय? पुढची गोळी घेण्याआधी रक्तात औषध किती उरलंय, एवढंच. त्या रक्तातल्या पेशी किती दबल्या आहेत हे ती सांगत नाही. रक्त देण्याआधी सकाळची गोळी घेतली तर आकडा खोटा फुगतो, त्यावर विसंबून डोस उतरवला जातो. पोट बिघडलं तर सामान्य समज असा की औषध वाहून गेलं असेल. होतं उलटच: आतड्याच्या भिंतीत टॅक्रोलिमसचा जो भाग एरवी मोडून पडतो तो जुलाबात मोडत नाही, म्हणून रक्तातली पातळी चढते. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, खोकल्यासाठी सहज लिहिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन हीसुद्धा ती चढवतात. भारतात या परिणामाचा फायदाही करून घेतला गेला. महागड्या सायक्लोस्पोरिनचा डोस कमी लागावा म्हणून सोबत डिल्टियाझेम किंवा केटोकोनॅझोल देण्याची रीत अनेक ठिकाणी होती. गरिबाच्या शहाणपणाचंच हे उदाहरण. आणि कोकणात गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारं पपनस हे तर ग्रेपफ्रूटच्या कुळातलं मूळ फळ. त्यानेही टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने प्रसादाचा मोदक खावा, पपनसाची फोड बाजूला ठेवावी.

तराजू सर्वांत जास्त अंगाशी येतो तो आपल्याच देशात, आणि त्याचं कारण क्षय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किडनी प्रत्यारोपण झालेल्या सुमारे १३ टक्के रुग्णांना पुढे क्षय झाला. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण शंभरात एक-दोनच्या आत-बाहेर असतं. इथे क्षयाचे जंतू अनेकांच्या फुप्फुसात आधीपासून दबून असतात, औषधांनी पहारा सैल झाला की उठतात. आता तराजू काय सल्ला देतो? संसर्ग झाला, म्हणजे प्रतिकार जास्त दाबला गेलाय, औषध कमी करा. आणि क्षयावर पहिलं औषध कोणतं? रिफाम्पिसिन. ते यकृतातल्या आणि आतड्यातल्या विकरांना असं कामाला लावतं की टॅक्रोलिमस रक्तात टिकतच नाही. पातळी राखायला डोस तीन ते पाच पट करावा लागतो. म्हणजे गावातल्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी प्रत्यारोपणाचं औषध आपोआप उतरू लागलेलं असतं, आणि वरून तराजूच्या हिशेबाने ते आणखी उतरवायचं. संसर्गावरचा उपचारच रिजेक्शन घडवतो. म्हणून आपल्याकडची अनेक केंद्रं अशा रुग्णाला रिफाम्पिसिनशिवायची, लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन घातलेली मांडणी देतात, किंवा रिफाम्पिसिनच्या जागी त्याचा सौम्य भाऊबंद रिफाब्युटिन. आणि रिफाम्पिसिन दिलंच, तर उपचार संपताना दुसरा घात असतो: विकरं दोनेक आठवड्यांत मूळ पदावर येतात, वाढवून ठेवलेला डोस तसाच राहिला तर आता तोच विषारी ठरतो, हात थरथरतात, क्रिएटिनिन चढतं. या सगळ्या खेळात ‘जास्त की कमी’ हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. कोणतं औषध कुठल्या औषधाच्या वाटेत आलंय, हे विचारावं लागतं.

तराजूचा आणखी एक दोष काळासंबंधीचा. वजन काढलं आणि परत ठेवलं की तराजू पूर्ववत होतो. शरीर होत नाही. काही आठवडे गोळ्या चुकल्या, तेवढ्यात शरीराने दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार केली, तर गोळ्या पुन्हा नियमित घेतल्याने ती सहसा जात नाहीत. वर्षानुवर्षं किडनीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजवत राहतात. सुरुवातीला ना ताप, ना दुखणं, क्रिएटिनिनही जागचं हलत नाही. कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णांच्या बायोप्सींवर आधारलेल्या २०१२च्या एका अभ्यासात किडनी निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारण रिजेक्शनच निघालं, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत औषधं नियमित घेतलेली नव्हती. ‘आता सात वर्षं झाली, किडनी अंगात मुरली, थोडं हलकं केलं तर काय बिघडतं’ हे वाक्य कानावर येतं ना, ते तराजूचंच बाळ आहे. ताप आला म्हणून स्वतःच्या मनाने दोन दिवस गोळ्या बंद ठेवणारे तर त्या दृष्टान्ताचे सर्वांत प्रामाणिक अनुयायी. त्यांना जे शिकवलं तेच ते करताहेत.

करोनाच्या काळात याच समजुतीने काढ्यांचं पेव फुटलं. औषधांनी इम्युनिटी उतरलीय, गुळवेलीने वर आणू, असा तो सरळसोट हिशेब. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. ते प्रत्यारोपणाचे रुग्ण नव्हते, आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेपही घेतला. तो वाद बाजूला ठेवू. माझा प्रश्न तर्काचा आहे: काढा खरोखरच प्रतिकार वाढवत असेल, तर तो किडनीवरचा प्रतिकार वगळून कसा वाढवेल? काढा देणारा आणि तराजू मानणारा एकाच वेळी बरोबर असूच शकत नाहीत, आणि तरी एकाच घरात दोघंही असतात.

मंडन करायचं तर ते असं. संसर्गाचा बराचसा धोका या औषधांना हातही न लावता उतरवता येतो. को-ट्रायमॉक्सॅझोलची एक स्वस्त गोळी पहिले सहा महिने घेतली तर न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया जवळपास हद्दपार होतो, नोकार्डियाही बराच टळतो, आणि किडनीच्या रिजेक्शनशी तिचं काही देणंघेणं नाही. हिपॅटायटिस बी, न्यूमोकॉकस यांच्या लसी प्रत्यारोपणाआधी टोचल्या तर चांगल्या लागतात. नंतर मायकोफेनोलेट प्रतिद्रव्यं नीट बनू देत नाही. करोनाच्या एमआरएनए लसीचे दोन डोस घेतल्यावरही अवयव प्रत्यारोपण झालेल्या अमेरिकन रुग्णांपैकी सुमारे ५४ टक्क्यांतच प्रतिद्रव्यं सापडली होती. जिवंत जंतूंच्या लसी मात्र प्रत्यारोपणानंतर टाळायच्या. पाणी उकळून पिणं, कच्चं मटण-अंडं वर्ज्य करणं, घरात कुणाला महिनाभर खोकला असेल तर आधी त्याची तपासणी करणं, जुन्या बांधकामाची धूळ अंगावर न घेणं. यांतल्या एकाही गोष्टीने रिजेक्शन वाढत नाही. दुसऱ्या बाजूला, रिजेक्शन टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ठरल्या वेळी ठरलेली गोळी, आणि त्याने संसर्ग वाढत नाही. खालीवर होणारी पातळी मात्र दोन्हीकडून मारते.

शिवाय दोन्ही धोके एकदम शून्याजवळ नेणं अशक्य नाही, हेही दिसलंय. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये किडनीबरोबर दात्याची अस्थिमज्जा देऊन केलेल्या प्रयोगात पाचपैकी चार रुग्णांची सगळी औषधं पुढे बंद करता आली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. पद्धत जोखमीची, सरसकट वापरण्याजोगी नाही. पण सिद्धान्तासाठी एक उदाहरण पुरतं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: हे सगळं सामान्य रुग्णाला कुठे समजावणार? तराजू निदान समजतो तरी. समजतो, हे खरं, पण त्यावरून तो डोस ठरवायला लागतो, ही अडचण आहे. सांगायचंच तर ओपीडीतल्या पाच मिनिटांत बसेल एवढंच सांगावं. गोळ्यांची नावं पाठ असावीत. लेव्हलच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावरच सकाळची गोळी घ्यावी. ताप, जुलाब किंवा लघवी कमी झाली तर डोस आपल्या मनाने कमीही करू नये आणि वाढवूही नये, त्याच दिवशी दाखवावं. आणि जवळच्या दवाखान्यात कुणी अँटिबायोटिक, बुरशीचं औषध किंवा क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर त्यातली पहिली गोळी घेण्याआधी ट्रान्सप्लांट युनिटला फोन करावा.